सापडलेली वस्तू कुणाची?

दौंड हे माझं आजोळ. नाना रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पोरं दिवसभर भीमेच्या पात्रात, मनमाडकडे जाणाऱ्या रेल्वे पुलाच्या खाली पडलेली असायचो. गाडी पुलावर आली की खिडक्यांतून हात बाहेर यायचे, कुणी पाच पैसे टाकायचं, कुणी पावली. नदीला काहीतरी वाहिल्याशिवाय पुढं जायचं नाही, अशी कितीतरी प्रवाशांची रीत. मोठ्या मामूंनी फुटक्या लाऊडस्पीकरमधलं चुंबक काढून सुतळीला बांधून दिलं होतं. ते पाण्यात फेकायचं आणि तळाच्या वाळूवरून हळूहळू ओढायचं. दिवसाकाठी तीन-चार नाणी मिळाली तरी आम्ही स्वतःला शेठ समजायचो.

एक कोडं मात्र सुटत नव्हतं. जुनी पावली आणि अधेली चुंबकाला टचकन चिकटायची, नवी ढिम्म हलायची नाही. पुढं शाळेत विज्ञान शिकवायला लागल्यावर त्याचं उत्तर मिळालं. त्या आधीच्या पावल्या-अधेल्या निकेलच्या होत्या आणि निकेलला चुंबक धरतं. नंतरची नाणी तांबं आणि निकेल यांच्या मिश्रणाची निघाली, पाऊण भाग तांबं. त्यांना चुंबकाचं काही देणंघेणं नाही. अॅल्युमिनियमचे पाच पैसे तर कधीच लागायचे नाहीत. १९९२ पासून रुपया स्टेनलेस स्टीलचा झाला आणि चुंबकवाल्या पोरांना पुन्हा बरे दिवस आले. आजही पुलाखाली सुतळी घेऊन बसलेली मुलं दिसली की मी स्कूटर थांबवतो.

एकदा माझ्या चुंबकाला किल्ल्यांचा जुडगा लागला. पितळेच्या कडीत पाच किल्ल्या, त्यातली एक तिजोरीची वाटावी अशी. मी तो नानांपुढं ठेवला, शाबासकी मिळेल म्हणून. नानांनी विचारलं, "पैसे टाकणाऱ्यानं सोडून दिले होते. किल्ल्या कुणी सोडून दिल्या का?" दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्टेशनवर नेलं आणि जुडगा हरवलेल्या सामानात जमा करायला लावला. सोडलेलं वेगळं, हरवलेलं वेगळं. हे मला दहाव्या वर्षी कळलं, पण त्याचा खरा अर्थ लागायला आणखी चाळीस वर्षं जावी लागली.

निवृत्त होऊन शिरूरला स्थिरावलो त्या वर्षी भाचा मस्कतहून आला आणि माझ्यासाठी धातूशोधक यंत्र घेऊन आला. काठीच्या टोकाला थाळीएवढं चक्र, वर छोटी पेटी, कानाला हेडफोन. आमच्या बेगम म्हणाल्या, "आता हेच राहिलं होतं."

यंत्राची करामत साधी आहे. चक्रात तारेचं वेटोळं असतं, त्यातून उलटसुलट वीज फिरते आणि जमिनीत चुंबकीय लहरी सोडते. खाली धातू असेल तर त्या धातूत बारीक बारीक विजेचे भोवरे उठतात, ते उलट हाक देतात, ती हाक यंत्र ऐकतं. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली. शरीरात ती नेमकी कुठं आहे हे शोधायला टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल असंच एक यंत्र घेऊन गेले होते. गोळी काही सापडली नाही. पलंगाच्या पोलादी तारांनी घोटाळा केला असं म्हणतात. पुढं १९४१ मध्ये योझेफ कोसात्स्की या पोलिश लष्करी अधिकाऱ्यानं सुरुंग शोधायचं यंत्र बनवलं आणि वर्षभरानं एल अलामीनच्या वाळवंटात इंग्रजी फौजांनी ते वापरलं. लोकांच्या हातातला छंद आला तो त्यानंतर.

बेलसाहेबांच्या पलंगासारखीच गत माझी पहिल्या सहा महिन्यांत झाली. घोड नदीच्या पात्रात यंत्र चालू केलं की ते पावलागणिक ओरडायचं. मी प्रत्येक आवाजाला खड्डा घ्यायचो. खिळे, काटेरी तार, बाटल्यांची झाकणं, औषधाच्या गोळ्यांची पाकिटं आणि बैलाच्या खुराच्या पत्र्या! शिरूर तालुक्यात बैलांनी जेवढ्या पत्र्या पाडल्या असतील तेवढ्या मी वेचल्या, असं भाचा म्हणायचा. कित्येकदा खड्ड्यात काहीच नसायचं, नुसता काळा दगड. आपली जमीन बेसॉल्टची, त्यात लोखंडाचे चुंबकीय कण मिसळलेले. यंत्राला जमीनच धातू वाटते. दर ठिकाणी आधी त्या मातीशी यंत्राची ओळख करून द्यावी लागते, म्हणजे ती मातीचा आवाज वजा करून बाकीचं ऐकते. माहितीपुस्तकात हे पहिल्याच पानावर होतं. आम्ही पुस्तक कधी वाचतो? सगळं मोडून झाल्यावर.

खरं शिक्षण झालं ते मुरूडला, जंजिऱ्याच्या मुरूडला. ती माझी सासुरवाडी. तिथल्या किनाऱ्यावर पहिल्या दिवशी यंत्र वेड्यासारखं किंचाळत होतं. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, त्यामुळं ओली वाळूच यंत्राला धातूसारखी भासते. सासरे हसत म्हणाले, "जावईबापू, समुद्र ओरडतोय, त्याला काय खणणार?" मग मी यंत्राची तीव्रता निम्म्यावर आणली, चाल मंद केली, चक्र वाळूला समांतर धरायला शिकलो. हळूहळू कान तयार झाला. लोखंड खरखरीत, तुटक बोलतं. चांदी स्वच्छ, उंच. सोन्याची अंगठी आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी मात्र जवळजवळ एकाच सुरात बोलतात, हा अल्लाहनं माणसाच्या हावेसाठी ठेवलेला पेपर आहे. कचरा टाळायचा म्हणून तो सूर सोडून दिला तर सोनंही सुटतं. म्हणजे सोन्यासाठी नव्वद वेळा कचरा उकरण्याची तयारी पाहिजे.

जागाही कळायला लागल्या. लोक बसतात कुठं, पाण्यात कुठपर्यंत जातात, पोरांना खेळवताना हात कुठं झटकतात. गार पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी सैल होते, म्हणून अंगठ्या कंबरभर पाण्यात जातात आणि ओहोटीला त्या पट्ट्यात शोधायच्या असतात. पावसाळ्यानंतर लाटांनी वरची वाळू ओरबाडून नेलेली असते, तेव्हा जड वस्तू उघड्या पडतात. मी खड्डा घेतला की बुजवायला लागलो, काचा आणि खिळे पिशवीत घालून आणायला लागलो. सासरे म्हणायचे, जावई फुकटात किनारा झाडतोय.

मुरूडलाच, दिवाळीनंतरच्या एका ओहोटीला, मला सोन्याची अंगठी सापडली. पुरुषाची, साडेतीन ग्रॅमची. आत दोन अक्षरं आणि एक तारीख कोरलेली. खोटं कशाला बोलू, पहिला विचार सोन्याच्या भावाचा आला. दुसरा विचार नानांचा.

घरी आल्यावर खरी चर्चा सुरू झाली. सापडलेल्या वस्तूला आपल्या फिक्हमध्ये लुकता म्हणतात. झैद बिन खालिद जुहनी (रजि.) यांची रिवायत बऱ्याच वाचकांना माहीत असेल. एकानं विचारल्यावर प्रेषितांनी (स.) सांगितलं की वस्तूची थैली आणि तिची दोरी ओळखून ठेव आणि वर्षभर पुकारा कर. थैली आणि दोरी का? मालक म्हणून येणाऱ्यानं खूण सांगितली पाहिजे म्हणून. तेव्हा अंगठीतली अक्षरं आणि तारीख मी कुणालाच सांगायची नाही, हे ठरलं. बेगमनाही दाखवली नाही, याचा राग त्यांनी आठ दिवस धरला.

दुसरा मुद्दा, वर्षानंतर काय? आम्ही घाटावरचे लोक हनफी, बेगम कोकणातल्या, म्हणजे शाफई. त्यांच्या मसलकप्रमाणे वर्षभर रीतसर पुकारा करूनही मालक आला नाही तर सापडणाऱ्याला ती स्वतःकडं घेता येते. आमच्याकडं सापडणारा खाऊनपिऊन सुखी असेल तर त्यानं ती सदका करावी, गरजू असेल तर वापरावी. दोघांकडं एक गोष्ट पक्की, नंतरसुद्धा मालक उभा राहिला तर त्याचा हक्क मेलेला नसतो. "म्हणजे घेतली तरी ती उधारीच," बेगम म्हणाल्या. तीस वर्षांच्या संसारात आमचे दोन मसलक एका वाक्यात एकत्र आले ते त्या दिवशी.

पुकारा कुठं करायचा, यातही रीत आहे. मस्जिदीच्या आत हरवल्या-सापडल्याची घोषणा करायला मनाई आहे. म्हणून जुम्म्याला बाहेर, दाराशी कागद लावला. "किनाऱ्यावर दागिना सापडला आहे, खूण सांगून न्यावा", एवढंच, अंगठी आहे हेही नाही. तिथल्या ठाण्यात नोंद केली. दोन लॉज, एक चहाची टपरी, घोडागाडीवाले, सगळ्यांकडं माझा नंबर दिला. कायदाही यापेक्षा वेगळं सांगत नाही. मालक कोण हे शोधता येण्यासारखं असताना सापडलेली वस्तू गिळली तर तो गुन्हा आहे. पूर्वीच्या दंडसंहितेत होता आणि आताच्या न्यायसंहितेच्या ३१४ कलमात आहे. करार कायदा तर १८७२ चा, त्यात सापडणाऱ्यावर दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी टाकली आहे.

फोन आले. पहिल्यानं सोनसाखळी सांगितली. दुसऱ्यानं अंगठी सांगितली, पण खड्याची. तिसरा नुसताच "किती ग्रॅम आहे?" विचारत राहिला.

अकराव्या महिन्यात बार्शीहून एका बाईचा फोन आला. टपरीवाल्याकडून त्यांच्या नातेवाइकाला कळलं होतं. त्यांनी दोन अक्षरं सांगितली, तारीख सांगितली आणि मग गप्प झाल्या. मी म्हटलं, "ताई, अंगठी तुमचीच आहे." आठवड्यानं नवरा-बायको एसटीनं शिरूरला आले. लग्नात सासऱ्यानं जावयाला घातलेली अंगठी. जावयाचं दुकान तेव्हा तोट्यात होतं. सहलीहून परतल्यावर बोटात अंगठी नाही म्हटल्यावर सासरी सगळ्यांनी एकच धरलं, विकून खाल्ली आणि समुद्राचं नाव सांगतोय. तीन वर्षं तो माणूस बायकोच्या माहेरी गेला नव्हता. अंगठी हातात घेऊन त्यानं ती बोटात घातलीही नाही, खिशात ठेवली आणि म्हणाला, "मामा, तुम्ही एक चिठ्ठी लिहून द्या. कुठं सापडली, कधी सापडली, खाली सही." मी लिहून दिली. बाईंनी आणलेला पेढ्याचा पुडा बेगमनी ठेवून घेतला, पैशांचं पाकीट परत दिलं.

त्या चिठ्ठीनंतर माझा छंद बदलला. नुसतं फिरायला मी यंत्र कमी काढतो. बोलावणं आलं की काढतो. रांजणगावला मांडव उठल्यावर नवरीचं पैंजण हरवलं, केडगावच्या उसात ट्रॅक्टरची पिन पडली, कुणाचा पाइपलाइनचा व्हॉल्व्ह मातीखाली गेला. सापडलं तर सापडलं. न सापडण्याचं प्रमाणही बरंच आहे, कारण लोक हमखास चुकीची जागा सांगतात. आता मी आधी अर्धा तास नुसतं विचारतो, तुम्ही कुठून आलात, कुठं वाकलात, ओढणी कुठं अडकली. यंत्र नंतर.

बोलावणी वेगळ्या जातीचीही येतात. एकदा रात्री दोघंजण आले. गावातल्या पडक्या गढीत गुप्तधन आहे, अमावस्येला यायचं, सोबत एक "जाणकार" असणार, निघेल त्यात चौथाई माझी. मी चहा पाजला आणि दोन कायदे सांगितले. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत लपवलेलं दहा रुपयांवरचं काहीही सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. नाही कळवलं तर हिस्साही जातो आणि वर्षभराची कैदही होऊ शकते. आणि गुप्तधनासाठी अघोरी विधी करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे. गंमत अशी की प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर हा १८७८ चा कायदा मेहेरबान आहे. मालक निघाला नाही आणि आधीचा काही करार नसला तर तीन हिस्से शोधणाऱ्याला, एक जमीनमालकाला. सरकारला ते हवं असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येतं. आपल्याकडंही दफीन्यात, ज्याला रिकाज म्हणतात त्यात, पाचवा हिस्सा आहे, फक्त तो सापडणाऱ्यानं द्यायचा असतो. पाहुण्यांना यातलं काहीच रुचलं नाही. जाताना एक म्हणाला, "मास्तर, तुम्ही फार पुस्तकं वाचता."

आता एक कबुली. गुप्तधनवाल्यांना मी जे सुनावलं, त्याच्या दोन वर्षं आधी मीही एक चूक करून बसलो होतो. आपल्याच तालुक्यात, घोडेच्या काठी इनामगाव आहे. तिथं १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं. त्याचा जाडजूड अहवाल १९८८ मध्ये निघाला, त्यावर तीन नावं आहेत : ढवळीकर, सांकळिया आणि झेड. डी. अन्सारी. तिसरं नाव आपल्या मुलांना मुद्दाम वाचून दाखवावं असं आहे. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथं शेतकऱ्यांची वस्ती होती. एकशे तीसहून जास्त घरं उजेडात आली. ते जव पिकवायचे, पुराचं पाणी वळवायला त्यांनी पाट आणि बांध घातला होता. लहान मूल गेलं तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात घालायचे आणि घरातल्याच जमिनीखाली पुरायचे. शेवटच्या काळात पाऊस कमी झाला, मोठी चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या आणि इसवी सनापूर्वी ७०० च्या आसपास वस्ती उठली.

मी तिथं नदीकाठानं यंत्र फिरवत होतो. आवाज आला, फावडं मारलं. निघाली काटेरी तार, बहुधा एखाद्या कुंपणाची. पण फावड्यानं तिच्या बाजूचं एक खापर मधोमध चिरलं होतं. तांबूस, त्यावर काळ्या रंगाच्या रेघा. मी ते रुमालात बांधून ओळखीच्या एका इतिहासाच्या प्राध्यापकाकडं घेऊन गेलो. त्यांनी विचारलं, किती खोल होतं? कोणत्या मातीत? शेजारी राख होती का, हाड होतं का? मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. ते म्हणाले, "मग हे आता फक्त खापर आहे."

मला सगळ्यात लागलं ते हे. इनामगावच्या लोकांकडं तांबं फार थोडं होतं. रोजची पाती त्यांनी दगडाची केली. म्हणजे त्यांच्या घरावरून, चुलीवरून, मुलांच्या रांजणांवरून मी दहा वेळा यंत्र फिरवलं असतं तरी ते गप्प राहिलं असतं, आणि कालच्या तारेला मात्र ओरडलं. जे यंत्राला ऐकू येत नाही त्याच्यावरच माझं फावडं पडणार होतं. इंग्लंडात १९९७ पासून छंदिष्टांनी सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद करायची सरकारी योजना आहे. २००९ मध्ये स्टॅफर्डशरच्या एका शेतात अशाच छंदिष्टाला मोठा सुवर्णसाठा लागला आणि त्याची किंमत त्याच्यात आणि शेतमालकात विभागली गेली. तिथले लोक जागा, खोली लिहून ठेवतात. आपल्याकडं तशी वाट नाही आणि परवानगीशिवाय पुरातन जागी उकरणं रास्तही नाही. जुन्या पांढरीवर, गढीवर, किल्ल्यावर मी यंत्र नेत नाही. शेजारच्या नगर जिल्ह्यात दायमाबादला १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं खोड काढताना बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. भरीव काशाचे, साठ किलोंच्या वर. त्यानं ते वितळवले नाहीत, म्हणून आज आपल्याला बघायला मिळतात. त्याच्या हातात यंत्र नव्हतं.

भाच्याची मुलगी, बारा वर्षांची आलिया, गेल्या रमजान ईदपासून माझ्यासोबत येते. तिनं वही केली आहे. तारीख, जागा, किती वीत खोल, काय निघालं. पहिल्या पानावर बावीस ओळी आहेत, त्यात सोळा वेळा "झाकण" लिहिलंय. काल संध्याकाळी न्हावऱ्याहून एका बाईंचा फोन आला. कांदा चाळीत भरताना कानातली बाळी पडली, सासूनं दिलेली होती, दोन दिवस जेवण जात नाही म्हणाल्या. चाळीला खाली लोखंडी जाळी आहे, म्हणजे यंत्र सतत ओरडणार. आलिया म्हणते, आधी कांदे बाहेर काढून पसरू, मग त्यांच्यावरून फिरवू. मला वाटतं तिचं बरोबर आहे. यंत्र चार्जिंगला लावलंय, फजरनंतर निघू.